ती पाटी माझ्यामुळे लागली: नाशिकच्या श्वानपालकांना खुले पत्र

नाशिककर श्वानपालक मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एक फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. डोंगराच्या पायथ्याला, पायवाट सुरू होते तिथे, बाभळीला तारेनं बांधलेला पत्रा आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: ‘कुत्रे घेऊन वर जाण्यास सक्त मनाई. समस्त ग्रामस्थ.’ फोटोखाली आपल्या मंडळींचा संताप. ‘डोंगर काय यांच्या बापाचा आहे का?’, ‘गावची दहा कुत्री उंडारतात ती चालतात, आमची लस टोचलेली चालत नाहीत?’ वगैरे. आता पाटी काढायला लावा म्हणून वनखात्याला द्यायचं निवेदन तयार झालंय, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सह्या गोळा होतायत. माझ्याकडेही आलं.

मी सही करणार नाही. ती पाटी माझ्यामुळे लागली आहे.

चिंगीला तुमच्यातले बरेच जण ओळखतात. पंचवटीतल्या एका रिक्षा स्टँडवर पावसात भिजत बसलेली सापडली, आता तीन वर्षांची आहे, वजन 18 किलो. ‘बस’ म्हटलं की बसते, ‘थांब’ म्हटलं की थांबते. म्हणजे आमच्या हॉलमध्ये थांबते. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिला घेऊन मी त्या डोंगरावर गेले. पठारावर पोचल्यावर आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि दोरी सोडली. ‘कोणी नाही’ हे माझं शहरातलं बघणं. उताराच्या पलीकडे करवंदीच्या जाळीआड चौदा शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे एक आजी दगडावर बसल्या होत्या.

चिंगीनं एकाही शेळीला दात लावला नाही. तिच्या लेखी तो खेळ होता. पण शेळ्या चौफेर उधळल्या, दोन घळीत उतरल्या, एक काटेरी झुडपात अडकून ओरडत राहिली. मी घसा फोडून हाका मारतेय आणि आमची शिकलेली पोरगी कान मागे टाकून पळतेय. दहा मिनिटांनी हाती लागली. मग मी धापा टाकत आजींना तेच वाक्य म्हणाले जे आपण सगळे म्हणतो: ‘काही करत नाही हो ती.’

आजी म्हणाल्या, ‘नसंल करीत. पर शेळीला ते कोन सांगनार?’

शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा पाटी दिसली. पायथ्याच्या टपरीवर चहा घेताना विचारलं, ही कधी लागली, कशामुळे? टपरीवाल्या दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, गाडीच्या काचेतून डोकावणाऱ्या चिंगीकडे बघितलं. त्या दिवशी उधळलेल्यांपैकी एक शेळी गाभण होती. दुसऱ्या दिवशी गाभडली. पोटात दोन करडं होती. मी आजींच्या घरी जाऊन 6,000 रुपये दिले. त्यांनी घेतले, मोजले, कनवटीला लावले आणि मला पाणी दिलं. पाटीबद्दल त्याही काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

आता ‘बापाचा डोंगर’ या मुद्द्याकडे येते. 2006 चा वनहक्क कायदा एकदा चाळून बघा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांचा चराईचा हक्क त्यात लिहिलेला आहे आणि जंगल, पाणी, वन्यप्राणी राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. कुत्रा फिरवण्याचा हक्क मीही शोधला. सापडला नाही. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो, आणि पाहुण्याच्या कुत्र्यानं ओसरीवरची कोंबडी पकडली तर यजमानानं पुढच्या वेळी दार लावून घेतलं यात नवल ते काय? गावच्या कुत्र्यांचं म्हणाल तर ती शेळ्यांमध्ये वाढलेली असतात. शेळ्यांना त्यांचा वास ठाऊक असतो. मोकळी दिसली तरी ती कामावर असतात, आपली सहलीला आलेली असतात.

निवेदनात ‘नाशिकजवळ श्वानांसाठी ट्रेल जाहीर करा’ अशी एक मागणी आहे. खरं तर मागण्याइतकं ते कठीण नाही. आपल्या गावाभोवती इतके डोंगर आहेत की थोडं डोकं लावलं तर वर्षभराचे रविवार भागतील. पण त्यातले निम्मे कुत्र्यासाठी नाहीतच, हे आधी मान्य करू.

अंजनेरी नको. 2017 पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी, पठारावर अंजनेरीचंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प, आणि वर हनुमानाचं जन्मस्थान म्हणून येणारे भाविक, त्यांच्या पिशव्यांवर टपलेली माकडं. यात कुत्रं नेऊन कुणाचं भलं व्हायचंय? बोरगडही त्याच कारणासाठी वगळा, तो तर 2008 मध्येच राखीव झाला. ब्रह्मगिरीवर पायऱ्यांची गर्दी. हरिहरच्या कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्यांवर माणसं चार पायांवर येतात, तिथे खऱ्या चार पायांच्याला काय करायचंय? तरी कुणीतरी लॅब्राडॉरला पाठीवरच्या सॅकमध्ये घालून तिथे चढल्याचा व्हिडिओ मी पाहिलाय. हात जोडले. बहुला लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीत येतो, विषय संपला. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे आणि चामरलेणी हे जैन बांधवांचं तीर्थ. दोन्ही ठिकाणी कुत्र्याला घरी ठेवूनच जावं, नियमाची पाटी शोधत बसू नये. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाता ना? मग तिथे पक्षी उडवणारा प्राणी नेऊ नका.

मग उरतं काय? भरपूर उरतं.

रोजच्यासाठी कालव्याचा काठ. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळच्या बाजूनं जातो, त्याच्या कडेचा कच्चा रस्ता सपाट आहे, पायाला मऊ आहे आणि सकाळी वाहनं तुरळक. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, मात्र दोरी आखूड धरा. अस्तर केलेल्या उतारावरून कुत्रं घसरून पाण्यात गेलं तर त्याच्या नखांना धरायला काही नसतं आणि आपण वाचवायला उतरलो तर दोघंही अडकतो.

आणि इथेच नाशिककरांनी कान टवकारून ऐकावं अशी गोष्ट: द्राक्षं. कालव्याच्या कडेला, डोंगरांच्या पायथ्याला, दिंडोरीच्या वाटेला, कुठेही जा, बागा आहेतच. द्राक्ष कुत्र्यासाठी विष आहे. पिकलेलं, कच्चं, वाळलेलं, सगळं. एखाद्या कुत्र्यानं मूठभर खाऊन काहीच झालं नाही आणि दुसऱ्यानं चार मणी खाल्ले तर मूत्रपिंडं गेली, असं दोन्ही घडतं. सुरक्षित प्रमाण कोणालाच सांगता येत नाही. आधी उलट्या होतात, सुस्ती येते, एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. विरळणीच्या वेळी खुडलेले मणी बांधावर पडतात, जानेवारीपासून काढणी सुरू झाली की टाकाऊ घडांचे ढीग लागतात. त्यावर औषधांची फवारणी झालेली असते ती वेगळीच. माझ्या माहितीतल्या एका गोल्डन रिट्रीव्हरला चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. त्याच्या मालकांची स्वतःची बाग आहे, त्यांनाही ठाऊक नव्हतं. खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, आपल्या डब्यातल्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले.

चढ हवा असेल तर रामशेज. शहरापासून 15 किलोमीटरच्या आसपास, पायथ्याला आशेवाडी, तास-दीड तासात चढून होतो. 1682 मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि हा बुटका किल्ला काही वर्षं त्यांच्या हाती लागला नाही. तोफा नव्हत्या तेव्हा लाकडाच्या करून लढवल्या असं सांगतात. कुत्र्याला त्याचं काही नाही, त्याला वरचा वारा आवडतो. मधल्या वारी जा, रविवारी नको. वाटेतल्या राममंदिराजवळ एकानं कुत्रं घेऊन बाहेर थांबायचं, दुसऱ्यानं दर्शन घेऊन यायचं, मग पाळी बदलायची. गडावरच्या टाक्यांत कुत्र्याला उतरवू नका, तोंडही लावू देऊ नका. कुणी ते पाणी पीत असेल. आपल्या बाटलीतलं पाणी, आपलं भांडं.

सिन्नरच्या पुढे दुबेरे आहे, पहिला बाजीराव 1700 साली जन्मला ते गाव. गावामागची टेकडी पायऱ्यांची, वर देवीचं देऊळ. चढ फारसा नाही, वर मोकळं आहे. चिंगीच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिथूनच सुरुवात केली. नवशिक्या कुत्र्याला अशीच जागा द्यावी, एकदम तीन तासांची पायपीट नाही. पहिल्या महिन्यात तासभर पुरे. पायाचे तळवे हळूहळू टणक होतात.

वेळेचा हिशेब इथे जरा त्रासदायक आहे. उन्हामुळे लवकर निघावंसं वाटतं आणि बिबट्यामुळे फार लवकर निघू नये. आपला जिल्हा बिबट्यांचा आहे, निफाडच्या उसात त्यांची पिल्लं जन्मतात आणि शहरातल्या वस्तीतही ते येऊन गेलेत. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यातला सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंधारात मोकळं सोडलेलं कुत्रं त्याच्यासाठी ताटच वाढलेलं. म्हणून पूर्ण उजाडल्यावर चढायला लागायचं आणि हिवाळ्यात दहाच्या, मार्चनंतर आठच्या आत गाडीपाशी यायचं. आपला काळा कातळ तापला की तव्यासारखा होतो. हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवून बघा. आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही चालवत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. पग, बुलडॉग यांना तेही धड जमत नाही, त्यांना डोंगर दाखवूच नका, सकाळी गल्लीत फिरवा. लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या की ऊन लागलंय. सावलीत घ्या, पोटावर, मांड्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला, मग दवाखाना. आधी थंड करायचं, पळवायचं नंतर. घरी असताना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. चढावर त्याहून बरंच जास्त. चिंगीसाठी मी दोन लिटर वेगळं नेते, माझ्यासाठी एक.

साप चावला, आणि फुरसं आपल्या दगडगोट्यांत हमखास असतं, तर चिरा मारू नका, करकचून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून खाली आणा. माणसाला देतात तीच सर्पविषावरची लस कुत्र्यालाही देतात. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालते. पण आपल्या डॉक्टरांकडे ती ठेवलेली असते का, हे आजच फोन करून विचारून ठेवा. आणि दुखतंय म्हणून आपल्या घरातली वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: डबक्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका, वाटा निसरड्या, पहिनेच्या धबधब्यांकडे माणसांचाच पूर. मी नेत नाही. सप्टेंबरात गोचीड. परतल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघायचं, गोचिडीमुळे होणारा ताप, टिक फीव्हर, निम्मा तिथेच अडतो.

मग ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि कुसळं. म्हणीतलं कुसळ आपण सगळे ऐकून असतो, खरं बघायचं असेल तर दिवाळीनंतर कुसळी गवतातून कुत्रं फिरवून आणा. बीच्या एका टोकाला तीक्ष्ण टोक, त्यावर उलटे केस, मागे लांब शेपूट. हवेत ओल वाढली-घटली की ही शेपूट पिळते-उलगडते आणि बी स्क्रूसारखं आत शिरत जातं. उलट्या केसांमुळे मागे येत नाही. जमिनीत रुजायला केलेली ही युक्ती कातडीलाही लागू पडते. चिंगी एकदा डोकं एका बाजूला कलतं करून फिरायला लागली. मला वाटलं लाड करतेय. कानाच्या नळीतून डॉक्टरांनी तीन कुसळं काढली, त्यातलं एक पडद्याजवळ होतं. तेव्हापासून गवत वाळलं की कानात कापूस नाही (तो आतच राहतो), तर डोक्यावरून जुन्या मोज्याची टोपी. दिसतं विचित्र. टपरीवरची पोरं हसतात, हसू देत.

गवत वाळलं की मग वणव्यांचे दिवस येतात. जळालेल्या उतारावर खुंट सुयांसारखे उभे असतात, तिकडे पाय नको. मार्चपासून जूनपर्यंत टिटव्या उघड्या माळावर, नुसत्या खड्यांच्या गोलात अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर ती आपल्याला काही सांगतेय. वाट बदला. लसींचा संबंधही रानातल्या जिवांशी आहे. रेबीजची आपण आठवणीनं देतो, डिस्टेंपरची विसरतो. गीरच्या सिंहांमध्ये 2018 मध्ये याच विषाणूनं जीव घेतले, आपल्या डोंगरात कोल्हे, खोकड आहेत, त्यांनाही तो कुत्र्यांकडून लागू शकतो.

आता दोरीचं. दोन मीटरची साधी, मजबूत दोरी आणि छातीवरून येणारा हार्नेस. लांब होणारी बटणाची दोरी डोंगरावर नको, झुडपांत गुंततं प्रकरण. ‘आमचा ऐकतो’ हे मी तीन वर्षं म्हणत होते. सशाच्या मागे, शेळीच्या मागे, माकडाच्या मागे धावणारं कुत्रं कुणाचंच नसतं. त्या दहा मिनिटांत ते फक्त कुत्रं असतं. ‘निसर्गात तरी मोकळं सोडा बिचाऱ्याला’ असं कुणी म्हणालं की मला आता त्या झुडपात अडकलेल्या शेळीचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला वास हवे असतात, ते दोन मीटरच्या दोरीतही पोटभर मिळतात. हवं तर तुम्ही जास्त वेळ थांबा.

निवेदनाचं काय करायचं, तर माझं म्हणणं असं. ते देऊ नका. वनखात्यानं पाटी काढायला लावली तरी उद्या आपण गाडी लावणार त्याच गावात, पाणी मागणार त्यांच्याच ओसरीवर. त्याऐवजी येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आपण पाच-सहा जण कुत्री घरी ठेवून जाऊ. सरपंचांशी माझं बोलणं झालंय, ते भेटतील. मी माझी चूक पुन्हा सगळ्यांसमोर सांगेन. आपण विचारू की चराई कोणत्या बाजूला असते आणि कधी असते, कोणत्या वाटेनं गेलेलं चालेल, महिन्यातला एखादा वार ठरवता येईल का. नाही म्हणाले तर नाही. दुबेऱ्याला जाऊ. हो म्हणाले तर पाटीवरचा मजकूर त्यांनीच बदलावा, रंगाचा डबा आपण देऊ.

आणखी एक. गावातल्या कुत्र्यांना लस द्यायची असेल तर त्याचा खर्च आपण वाटून उचलू शकतो का, हे मला विचारायचं आहे. पण पहिल्या भेटीत नाही. देवाणघेवाण वाटेल.

येणाऱ्यांनी मला शुक्रवारपर्यंत कळवा. गाड्या दोनच न्यायच्या आहेत. बिस्किटांचे पुडे आणू नका, पायथ्याची कुत्री त्यासाठी मागे लागतात आणि अर्ध्या डोंगरापर्यंत येऊन अडकतात.

आपली,
चिंगीची आई
इंदिरानगर, नाशिक

ता. क. चिंगीला आणू नको, असं आजी म्हणालेल्या नाहीत. ‘आन, पर बांधून आन’ असं म्हणाल्या. तरी मी मार्चपर्यंत तिला त्या डोंगरावर नेणार नाही. आजींच्या तीन शेळ्या सध्या गाभण आहेत.